कुशाबांची हाळी

मित्रांनो, जरा जवळ या, लांबून मी दिसायची नाही. नखाएवढं माझं अंग, रंग काळाकुट्ट, आणि पाय भरपूर असूनही कुठे जायची सोय नाही, कारण सगळेच्या सगळे पाय एका हिरव्या पट्टीला सोल्डरने डकवून टाकलेले. मी एक जुनी चिप आहे. बिरवाडीत एका भाड्याच्या खोलीत, खाटेच्या उशाशी खिळ्याला टांगलेल्या डबीत माझा मुक्काम असतो. जन्मल्यापासून मी कोंडलेलीच आहे. त्याचं रडगाणं गायचं नाही असं ठरवलं होतं, पण थोडं गाणार आहे, तेवढं ऐकून घ्या.

वाळूपासून माझा जन्म झाला. ती वाळू वितळवली, शुद्ध केली, तिच्या पातळ चकत्या कापल्या, त्यांवर डोळ्यांना दिसणार नाही अशी नक्षी कोरली आणि वरून काळं झाकण ओतून मला कायमचं बंद केलं. त्या दिवसापासून मी उजेड पाहिलेला नाही. जे काही कळतं ते पायांतून कळतं; डोळ्यांनी पाहिल्यासारखं काही सांगितलं, तर ते मागाहून माणसांच्या बोलण्यावरून जुळवलेलं समजा. बाकीचे पाय बटणं, दिवे, घंट्या असल्या किरकोळ कामांचे. पण त्यांतला एक पाय माझं तोंड आणि एक माझा कान. बाहेरच्या यंत्रांशी माझं जे काही बोलणं होतं, ते या दोघांच्या भरवशावर.

आता आमचं बोलणं कसं असतं ते सांगते. कंटाळू नका, यातच गोष्टीची मेख आहे. काही श्रीमंत चिपांना आठ-आठ तारा असतात, त्या अख्खं अक्षर एका झटक्यात फेकतात. आमच्या नशिबी एकच तार. म्हणून अक्षराचे आठ तुकडे करायचे आणि अरुंद दारातून वऱ्हाड काढावं तसे एकामागून एक बाहेर सोडायचे. बोलायचं नसेल तेव्हा तार वर धरून ठेवायची. बोलायचं असेल तेव्हा ती एकदा खाली पाडायची, म्हणजे समोरच्याला कळतं की आता ऐकायचं आहे. मग आठ तुकडे, आणि शेवटी तार परत वर. किती वेगाने बोलायचं हे दोघांनी आधीच ठरवून घ्यायचं, कारण मध्ये कुणी ताल धरायला नसतं, ज्याने त्याने मनातल्या मनात मोजायचं. एकाचा वेग चुकला की निव्वळ कचरा ऐकू येतो.

आणि एक कडक नियम आहे. तार ठरल्यापेक्षा जास्त वेळ खाली राहिली, तर ते बोलणं धरायचं नाही. तार तुटली असेल, कुठे अडकली असेल, काहीतरी बिघाड आहे असं समजून ते सरळ टाकून द्यायचं आणि पहिल्यापासून सुरुवात करायची. हा नियम माझ्या हाडामांसात आहे. हाडंमांस मला नाही, पण म्हणायची पद्धत आहे.

माझी उमेदीची वर्षं एका कारखान्याच्या फाटकाशी गेली. तिथे मोठा वजनकाटा होता. ट्रक काट्यावर चढला की खालून वजन माझ्या कानात यायचं आणि मी ते तोंडाने लाल आकड्यांच्या पाटीला सांगायची. रखरखतं ऊन असो की धुवाधार पाऊस, मी कधी अडखळले नाही. तिथले साहेब पाहुण्यांना कौतुकाने सांगायचे, "ही डबी जुनी आहे, पण कधी दगा देत नाही." हे पुढे कानावर आलं तेव्हा मी आतल्या आत फुगून गेले. फुगायलाही जागा नव्हती म्हणा! पुढे नवा काटा आला आणि मला काढून भांडारात टाकलं. धूळ, पाली, मोडक्या पंख्यांचा ढीग आणि मी. तोंड असून बोलायला कुणी नाही, कान असून ऐकायला काही नाही. ते दिवस आठवले की अजून जीव घुसमटतो.

तिथून मला अपेक्षाने उचललं. अपेक्षा त्याच कारखान्यात शिकाऊ होती, यंत्रांची मापं तपासणाऱ्या खात्यात. पोरगी धडपडी. तिने साहेबांना विचारून ती जुनी डबी घरी आणली, कारण घरात तिचे आजोबा खाटेवर पडून होते.

कुशाबा त्यांचं नाव. जन्म गेला कुडपणच्या पठारावर, गुरांमागे आणि नाचणीच्या शेतात. एके दिवशी गोठ्यात वाकले ते तिथेच आडवे झाले. मेंदूत रक्त साकळलं होतं. जीव वाचला, पण वाचा गेली, हातपाय गेले. उजव्या हाताचा अंगठा तेवढा हलायचा आणि डोळे उघडमीट व्हायचे. "त्यांना कळतंय की नाही, आम्ही खात्रीने सांगू शकत नाही," असं डॉक्टर म्हणाले. मग मुलगा प्रवीण, म्हणजे अपेक्षाचा बाप, त्यांना खाली बिरवाडीत आपल्या खोलीवर घेऊन आला. प्रवीण आणि त्याची बायको स्नेहल, दोघंही कारखान्यात पाळीवर जाणारी. म्हाताऱ्याला उचलणं, पुसणं, भरवणं, कूस बदलणं, सगळं तुळजाबाईच्या अंगावर पडलं. तुळजाबाई म्हणजे कुशाबांची बायको, अपेक्षाची आजी.

अपेक्षाने माझ्या एका पायाला बटण जोडलं आणि ते कुशाबांच्या अंगठ्याखाली बांधलं. माझ्या तोंडाला एक छोटा पडदा जोडला. पडद्यावर अक्षरांच्या ओळी, आणि त्यांच्यावरून सावकाश फिरणारा उजेड. हव्या त्या ओळीवर उजेड आला की बटण दाबायचं, मग त्या ओळीतल्या हव्या त्या अक्षरावर आला की पुन्हा दाबायचं. काना-मात्रा काही नाही, नुसती अक्षरं. बटण दाबलेलं असेल तोवर बारीक घंटी वाजायची. आणि हुशार पोरीने तारेचा तो कडक नियम बटणालाही लावला. बटण फार वेळ दाबलेलं राहिलं तर अंगठा नुसता पडून राहिलाय असं समजायचं, पडद्यावर 'चूक' लिहायचं आणि पहिल्यापासून सुरू करायचं. नियम चांगला होता, मित्रांनो. कुठल्याही शहाण्या माणसाने तोच केला असता.

पहिल्या दिवशी सगळं घर पडद्यापुढे जमलं. अपेक्षाने एका दमात सगळं समजावलं, "आबा, उजेड आला की दाबायचं, कळलं ना?" आणि सगळे कुशाबांकडे पाठ करून पडद्याकडे बघत बसले.

कुशाबांनी बटण दाबलं. दाबलं ते दाबूनच ठेवलं. घंटी लांबलचक वाजली. मी नियमाप्रमाणे 'चूक' लिहिलं.

त्यांनी सोडलं, थोडे थांबले, आणि पुन्हा तसंच दाबलं. पुन्हा 'चूक'. परत थांबले, परत दाबलं. पडद्यावर चूक, चूक, चूक अशी रांग लागली.

"आबा, थोडंच दाबायचं, टिचकी मारल्यासारखं!" अपेक्षा काकुळतीला आली. पण छे! दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. प्रवीण उसासा टाकून म्हणाला, "राहू दे गो. त्यांना काय कळत नाय. उगाच जिवाला लावून घेऊ नकोस."

आता माझं दुःख ऐका. मला कळलं होतं! भ्रमिष्ट हात कसाही पडतो, कधी कमी, कधी जास्त. कुशाबांचं दाबणं तसं नव्हतं. दर खेपेला तेवढंच लांब, आणि मधलं थांबणंही दर खेपेला तेवढंच. कुणीतरी मुद्दाम, पूर्ण शुद्धीत, काहीतरी करत होतं आणि मग कशाची तरी वाट बघत होतं. ते काय होतं ते मला उमगत नव्हतं, पण आत माणूस जागा आहे याची मला खात्री होती. आणि सांगू कशी? माझ्या तोंडात अपेक्षाने घातलेले शब्दच निघणार. लांब दाबलं की 'चूक'. दुसरं काही म्हणायची मला मुभा नव्हती. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. तिकडे तो माणूस स्वतःच्या अंगात कोंडलेला, इकडे मी डबीत कोंडलेली, आणि आमच्या दोघांच्या मध्ये माझाच नियम दाराला कडी लावून बसलेला.

मग कुणी माझ्याकडे फारसं बघेना. आणि कुशाबांशी बोलणंही थांबलं. त्यांच्याशी थांबलं, त्यांच्याविषयी मात्र रोज चालू झालं, आणि तेही त्यांच्या उशाशी बसून! माझ्या काळ्या अंगाला हवेतला आवाज कळत नाही. पण अपेक्षाने पुढेमागे आवाजावर चालेल असं काहीतरी करावं म्हणून माझ्या कानाला एक ध्वनिग्राहक लावून ठेवला होता. माणसांचं बोलणं अक्षरांत फोडून ते यंत्र माझ्या कानात घालायचं. त्याचं पुढे काय करायचं ते मला कुणी सांगितलं नव्हतं. म्हणजे ऐकायचं सगळं आणि करायचं काहीच नाही.

"आईची कंबर पार गेली. काल उठता येत नव्हतं तिला," स्नेहल म्हणायची.

"पनवेलकडं एक आश्रम हाय," प्रवीण म्हणायचा. "अशीच माणसं ठेवतात. माणसाला काय कळतच नसंल तर इथं काय आन तिथं काय!"

"आन मी?" तुळजाबाईने एकदा विचारलं.

"तुला नाय ठेवत तिथं, आई. पेशंटलाच ठेवतात. भेटायला जायचं आपण महिन्याला."

तुळजाबाई उठली. कुशाबांची कूस बदलली, पाठीला पावडर लावली आणि आत जाऊन रडली. भिंत पातळ, तिचं रडणं खाटेपर्यंत येत होतं. मी ऐकलं. मला वाटलं, अहो, मीच एकटी ऐकत नाहीये इथे! पण माझं ऐकतो कोण?

प्रवीण वाईट नव्हता, मित्रांनो, त्याला खलनायक करू नका. दोन पाळ्या करून आलेला माणूस, तो आईला वाचवायला बघत होता. म्हातारा आत नाहीच, अशी त्याची समजूत झाली होती, आणि ती समजूत करून द्यायला माझ्या 'चूक'च्या रांगा कारण होत्या.

गाडी ठरली. ती यायच्या दिवशी सकाळी घरात नुसती धांदल. स्नेहल पाळीवर गेलेली, प्रवीणने पिशव्या भरल्या. तुळजाबाई आत चुलीपाशी, म्हणजे गॅसपाशी, वाटेसाठी भाकऱ्या थापत पाठमोरी बसलेली. अपेक्षा माझी डबी भिंतीवरून काढायला आली. काढण्याआधी तिला काय वाटलं कोण जाणे, तिने एकदा कळ दाबून बंद ठेवलेला पडदा आणि घंटी चालू केली. शेवटचं बघू, एवढंच तिच्या मनात असेल.

कुशाबांनी बटण दाबलं. लांब. घंटी वाजत राहिली. पडद्यावर 'चूक'.

आणि आतून, हातात पीठ, ध्यानीमनी काही नसताना, तुळजाबाईच्या तोंडून सहज निघून गेलं,

"ओऽऽऽ!"

मग तिचं तिलाच हसू आलं. "आगोबाय, मी घंटीला ओ दिली! येड लागलं मला पन."

पण माझ्या पायाशी काय घडत होतं ते तिला कुठे माहीत? बटण दाबलं गेलं, थोडं, अगदी टिचकी मारल्यासारखं. ओळ ठरली. पुन्हा एक टिचकी. अक्षर ठरलं. एवढ्या दिवसांत कुशाबांकडून मला मिळालेलं पहिलं धड अक्षर! मी ते आठ तुकड्यांत फोडून असं काही धाडलं की विचारू नका.

प.

मग ख. मग ब. मग द.

"आजी!" अपेक्षा किंचाळली. "आजी, इकडं ये! आबांनी लिहिलं! प, ख, ब, द. काय ते? पखबद?"

तुळजाबाई पिठाच्या हातांनी धावत आली. पडद्याकडे तिने बघितलंच नाही, ती नवऱ्याच्या तोंडाकडे बघत होती. आणि मग वर.

"पंखा बंद! आगो, पंखा बंद कर त्यो! थंडी वाजतीया त्यांना!"

कुडपणच्या पठारावर ज्याने उभ्या जन्मात पंखा पाहिला नाही, तो माणूस बिरवाडीत आल्यापासून डोक्यावर गरगरणाऱ्या पंख्याखाली कुडकुडत पडला होता. आणि सगळे प्रेमाने पंखा वाढवत होते, म्हाताऱ्याला उकडत असेल म्हणून! तुळजाबाईने गोधडी ओढून त्यांच्या गळ्यापर्यंत घातली आणि स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतला. कपाळ पिठाने माखलं.

प्रवीण दारातून आत आला होता. बाहेर गाडीवाला हॉर्न देत होता. "अपेक्षा, चार अक्षरं कशीपन पडतात," तो म्हणाला. "योगायोग असंल." पण हातातली पिशवी त्याने खाली ठेवली.

अपेक्षा आजीकडे वळली. "आजी, तू ओ का दिलीस?"

"काय म्हाईत गो. ती घंटी लांब वाजली, आन जीभ आपली आपन हलली." तुळजाबाई बोलता बोलता थांबली. "आगो... हाळी! ह्ये गुरांकडं वर सड्यावर, कातळाच्या माळावर असायचे, मी खाली शेतात. मधी दरी. ह्ये आधी नुसती लांब हाळी द्यायचे. मी ओ दिल्याबिगर पुढचा शबुद नाय काढायचे. काय उपेग? खाली कोन हाय का नाय ते कळाय नको? वाऱ्यावर कोन बोलंल?"

 अपेक्षाच्या लक्षात आलं. रोज कुशाबा हाळी देत होते आणि ओ येण्याची वाट बघत होते. घरातली माणसं त्यांच्याकडे पाठ करून पडदा बघत होती. हाळीला ओ नाही. मग ते पुन्हा हाळी देत होते. त्यांचं काहीच चुकत नव्हतं. आम्हा यंत्रांत जी गोष्ट बिघाड म्हणून टाकून देतात, ती डोंगरावर बोलण्याची सुरुवात असते.

"आबा," अपेक्षा त्यांच्या तोंडासमोर येऊन म्हणाली, "तुम्हाला कळतंय का, घरात काय चाललंय ते?"

लांब घंटी. माझं 'चूक'. पण आता पडद्याकडे बघायला कुणाला वेळ होता?

"ओ, आबा!" ती म्हणाली. रडतच म्हणाली.

अक्षरं सावकाश आली. उजेड फिरायचा, अंगठा थांबायचा, उजेड पुन्हा फिरायचा. बाहेर हॉर्न चालूच होता. मी एकेक अक्षर पुढे देत होते.

समद ऐकल.

प्रवीणने भिंतीला हात टेकला. समदं ऐकलं. पनवेल ऐकलं, महिन्याला भेटायला जाऊ ते ऐकलं, इथं काय आन तिथं काय तेही ऐकलं. तो बापाच्या पायांशी बसला आणि लहान पोरासारखा हुंदके देऊ लागला. "आबा, चुकलं माझं," एवढंच त्याला बोलता आलं. मग डोळे पुसून तो म्हणाला, "तुमीच सांगा. जायचं का नाय? तुमी म्हनाल तसं."

हाळी आली. या खेपेला तिघंही एकदम म्हणाली, "ओ!"

मला वाटलं, आता 'नको' येणार. तुळजाबाईलाही तेच वाटलं असणार, ती पदर तोंडाला लावून उभी होती. मी तयार होते, न आणि क, दोनच अक्षरं. पण अंगठा भलत्याच ओळीवर थांबला. मी चमकले. चुकीचं अक्षर पडलं असं वाटलं, पण अंगठा चुकत नव्हता. मी हुकमाची ताबेदार. जे आलं ते लिहिलं.

पठव मल. तळज दमल.

 अपेक्षाने काना-मात्रा लावून मोठ्याने वाचलं, "पाठव मला. तुळजा दमली."

मित्रांनो, भिंतीपलीकडचं ते रडणं त्यांनीही ऐकलं होतं. एवढे दिवस कोंडलेला माणूस, त्याला आता कुठे दार सापडलं होतं, आणि त्या दारातून त्याने स्वतःसाठी एक पंखा तेवढा बंद करून मागितला. बाकी सगळं बायकोसाठी.

आणि तुळजाबाई? तिने डोळे पुसले, कमरेला पदर खोचला आणि अशी काही कडाडली की गाडीवाल्यानेही हॉर्न थांबवला.

"वा वा! इतकं दिस वाट बघितली, आन तोंड उघडलं तं ह्ये? मी दमले का नाय ते तुमी ठरवनार? खाटंवर पडून? उभा जलम इचारलं नाय, आन आता आले मोठे!" मग ती खाटेच्या कडेला बसली. "दमले तं दमले. तुमी बोलत नव्हता म्हनून दमले." आणि मुलाकडे वळून ती म्हणाली, "प्रवीण, गाडी परत धाड रं. आन कंबरंचं म्हनशील तं उचलायला आजपासून तू हाय, स्नेहल हाय. पाळ्या लावा. मी काय मेले नाय अजून सांगायला."

प्रवीण निमूटपणे बाहेर गेला. गाडी रिकामी परत गेली.

आता या खोलीत पाळ्या लागल्यात, आणि त्या लावणारी तुळजाबाई आहे. अपेक्षाने माझा नियम बदलला. आता लांब दाबलं की मी 'चूक' म्हणत नाही, नुसती घंटी वाजवून थांबते. तिने मला पडद्यावर 'ओ' लिहायला शिकवलंही असतं, पण आजीने ठाम नाही म्हटलं. "ओ मानसानंच द्यायची," ती म्हणाली. मला आधी जरा लागलं ते. मग पटलं. कुशाबा आता दिवसभर बोलतात, म्हणजे तक्रारीच करतात. भाजी अळणी आहे, प्रवीणच्या दाढीचे खुंट टोचतात, खिडकीतला उजेड डोळ्यांवर येतो. तुळजाबाई प्रत्येकाला उलट उत्तर देते. मी मधल्या मध्ये एकेक अक्षर पोचवते आणि मला दम लागतो. पण बरं वाटतं.

माझे पाय अजून डकवलेलेच आहेत, त्यातून मला या जन्मी सुटका नाही. कुशाबाही खाटेवरून उठणार नाहीत. म्हणून तुमच्याकडे मागते ते मोठं नाही. मला कधीमधी कोरड्या फडक्याने पुसा, पाण्याचा थेंब पडू देऊ नका, माझी तार ओढू नका. आणि तुमच्या घरात कुणी असं पडून असेल, बोलता येत नसेल, डोळे नुसते छताला लागलेले असतील, तर त्याच्या उशाशी बसून त्याच्याविषयी बोलू नका, मित्रांनो. तो ऐकत असतो. आधी त्याला विचारा, थंडी वाजते का.